शाळेच्या पटांगणात राजगड: दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या शाळेने मिळून किल्ला कसा बांधायचा

नवरात्र संपतं, दसऱ्याला पाटीपूजन होतं, सहामाहीचं वेळापत्रक फलकावर लागतं, आणि महापालिकेच्या माध्यमिक शाळेत मग दोनच विषय उरतात: पेपर आणि गावाला जायचं तिकीट. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, लोकमान्य नगर, कळवा, दिघा, तुर्भे इथली बरीच मुलं शेवटचा पेपर देऊन त्याच रात्री एसटीत बसतात. त्यामुळे चाळीत किंवा सोसायटीत वसुबारसेच्या आसपास सुरू होतो तसा किल्ला शाळेच्या कामाचा नाही. शाळेचा किल्ला शेवटच्या पेपरच्या दिवशी पुरा झालेला, हिरवागार आणि आईवडिलांना दाखवण्याजोगा हवा. पुढचं सगळं त्या एका तारखेपासून मागे मोजत सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. दर तुकडीचा वेगळा किल्ला आणि शेवटी पहिला-दुसरा नंबर, हे नको. आठ किल्ले काढले की आठही ठिकाणी माती अपुरी पडते, चारपाच मुलं राबतात आणि बाकीची कठड्याला टेकून बघत राहतात. नंबर लागला की ज्यांचा आला नाही त्यांचा किल्ला दुसऱ्या दिवशी कोणी पाणीही घालायला जात नाही. अख्ख्या शाळेचा एकच किल्ला करा, आणि राजगड करा.

राजगडच का

राजगडाची रचनाच वाटून घेण्यासारखी आहे. मधे उंच बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना गेलेल्या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याच्या खालचे पसरलेले भाग: उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला संजीवनी. चार भाग, चार गट, आणि चौघांचं काम मधे येऊन जुळावंच लागतं. पद्मावती माची रुंद आहे, तिथे तळं, देऊळ आणि सदर येते. बारीक कामाची आवड असणारी मुलं तिथे द्या. सुवेळा माचीवर खडकाला आरपार पडलेलं नेढं आहे. संजीवनीची दुहेरी तटबंदी हे या गडाचं खरं वैशिष्ट्य. गवंडीकामाचा हात ज्यांना घरूनच मिळालाय ती मुलं इथे हवीत. राजगड ही रायगडाआधीची राजधानी, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यांत तो आहे, एवढं प्रत्येक गटाला पाठ हवं.

गट पाडताना तुकड्या मोडा. प्रत्येक गटात आठवी, नववी, दहावी तिन्ही इयत्ता, साधारण २० ते २५ जण. दहावीला अभ्यास आहे म्हणून वगळू नका. त्यांना माहिती लिहिण्याचं आणि लहानांना तयार करण्याचं काम द्या, दोन तासिकांत होतं. गट पाडायची उत्तम वेळ म्हणजे नवरात्रातला भोंडला. पाटावर हत्ती काढून फेर धरला की मुलगे व्हरांड्यात उभे राहून बघतात. त्यांना खिरापत आणायला सांगा आणि खिरापत ओळखायला चारही गट वेगवेगळे बसवा. बंद डब्यात काय वाजतंय यावर अर्धा तास तावातावाने बोललेली मुलं पुढे चिखलात एकमेकांशी अडखळत बोलत नाहीत.

जागा आणि परवानगी

मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या कानावर १५ दिवस आधी घाला. इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं भरत असतील तर दोन्हीकडच्या शिक्षकांना आणि शिपायांना सांगणं समितीइतकंच महत्त्वाचं आहे, कारण तुमचं सत्र सुटल्यावर किल्ल्यावर कोणी पाय देऊ नये हे तेच बघणार. सत्र बदलतं ती पंधरावीस मिनिटं फार कामाची: पाणी घालायची पाळी तेव्हाच ठेवा, म्हणजे दोन्ही सत्रांच्या मुलांना किल्ला आपला वाटतो.

जागा १० फूट लांब, ८ फूट रुंद, भिंतीला चिकटून नाही तर भिंतीपासून दोन फूट सोडून. चारही बाजूंनी फिरता आलं नाही तर मागची माची कायम अर्धी राहते. परिपाठाच्या रांगा जिथे लागतात तिथे नको. नळ जवळ, पण नळाच्या उतारावर नको. दिवसातून चार-पाच तास ऊन यायला हवं, नाहीतर पेरलेलं उगवून पिवळं पडतं. गच्चीवर किंवा वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात बांधू नका. रोज पाणी घातलं की ओल खाली वर्गात उतरते. पटांगणाला पेव्हर ब्लॉक असतील तर आधी जाड प्लास्टिक अंथरा. माती सांध्यांत गेली की पावसाळी नाली तुंबते आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळत नाही.

माती

ठाण्यात आणि नवी मुंबईत सगळ्यात जास्त अडतं ते मातीशी. येऊरच्या डोंगरातून आणायची नाही, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. खाडीकाठचा गाळ तर अजिबात नको. तिथली कांदळवनं संरक्षित आहेत, आणि तो गाळ खारट असतो. दिसायला मऊसूत, पण त्यावर अळीव उगवत नाही आणि वाळला की भेगाळतो. रोपवाटिकेची लाल माती चांगली. इमारतीच्या पायाची निघालेली मातीही चालते, मात्र ती चाळूनच घ्या: तिच्यात खिळे, काचा आणि सिमेंटचे खडे असतात. चाळताना मुलांच्या हातात मोजे आणि पायात बूट हवेतच.

१० बाय ८ च्या किल्ल्याला, माच्या एक फूट आणि बालेकिल्ला तीन फूट उंच धरून, हे लागतं:

माती ३२ घमेली, बारीक रेती १० घमेली, भाताचं तूस किंवा बारीक कापलेलं सुकं गवत ६ घमेली.
विटा १५० च्या आसपास, तुटक्या चालतील. त्यांच्यासोबत दगड.
तागाची पोती १२ ते १५.
गेरू १ किलो, पिवडी (पिवळ्या रंगाची माती) अर्धा किलो.
अळीव पाव किलो, मोहरी पाव किलो.
१२ बाय १५ फुटांची ताडपत्री.

पोती तागाचीच आणा, वाण्याकडे किंवा वाशीच्या घाऊक धान्यबाजारात मिळतात. प्लास्टिकच्या विणलेल्या गोणीवर चिखल धरत नाही, घसरून खाली बसतो. थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

पालकांना पैसे मागू नका. एकानेही वर्गणी न दिल्यामुळे मागे राहता कामा नये. त्याऐवजी वर्गात विचारा: कोणाचे बाबा गवंडी आहेत, कोणाचे रंगारी, कोण वायरमन, कोणाची आई रोपवाटिकेत जाते. या शाळांच्या पालकांमध्ये हे हात भरपूर आहेत, आणि एरवी शाळा त्यांना फक्त निकालाच्या दिवशी बोलावते. गवंडीकाम करणारा एक पालक रविवारी दोन तास येऊन थापी कशी धरायची ते दाखवून गेला की त्याच्या मुलीची मान वर्गात ताठ होते.

गाभा आणि लेप: पेपर सुरू होण्याआधीचा आठवडा

पहिल्या दिवशी खडूने आराखडा काढा. संजीवनी साधारण पाच फूट ठेवा. खरी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे, म्हणजे त्या मापाने माणूस जेमतेम एक मिलिमीटरचा होईल. म्हणून दोन मापं ठेवायची: गडाचा आकार नकाशाप्रमाणे, आणि दरवाजे, बुरुज, देऊळ मावळ्याच्या उंचीप्रमाणे. मावळा तीन इंची असेल तर दरवाजा पाच ते सहा इंच, बुरुज चार इंच आणि तट तीन इंच. हे आधी ठरवलं नाही तर बुरुजापेक्षा उंच पहारेकरी उभे राहतात, आणि बहुतेक किल्ल्यांत तेच दिसतं.

विटांचा गाभा पोकळ ठेवू नका. कोणीतरी बालेकिल्ल्यावर झेंडा लावायला हात टेकतोच आणि तो भाग आत बसतो. विटा आडव्या-उभ्या रचून मधल्या फटी दगडांनी आणि सुक्या मातीने ठासून भरा. सुवेळेचं नेढं याच वेळी ठेवायचं: विटांच्या मधे एक रिकामा डबा आडवा घाला, लेप वाळल्यावर फिरवत काढून घ्या. मग पोती उसवून मोकळी करा, पातळ चिखलात बुडवा आणि गाभ्यावर अंथरा, एकमेकांवर चार बोटं चढवून. पोतं चुरगळलं तर तसंच राहू द्या. त्या चुण्याच पुढे डोंगराच्या धारा आणि घळी होतात, हाताने मुद्दाम काढलेल्या घळींपेक्षा खऱ्या दिसतात.

चिखल कालवताना पाण्याचं माप डोळ्याने धरू नका. मुठीएवढा गोळा करून कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाका. फुटला तर पाणी कमी. पसरून भाकरीसारखा झाला तर जास्त. बूड चपटं होऊन गोळा शाबूत राहिला की चिखल बरोबर मळला गेला.

पहिला लेप दीड इंच. त्यावर ओला असतानाच खराट्याच्या हिरांनी आडव्या रेघा ओढा आणि एक दिवस सावलीत, म्हणजे ताडपत्रीच्या आडोशाला राहू द्या. दुसरा लेप अर्धा इंच. लेप एकदमच दोन इंच थापला तर ऑक्टोबरच्या उन्हात वरची कातडी आधी आकसते, आतली माती ओलीच असते, आणि बोट जाईल एवढी भेग पडते. पडलीच तर नुसती माती भरू नका, ती दुसऱ्या दिवशी खपलीसारखी निघते. भेग पाण्याने भिजवा, पातळ चिखल ओता, वर तूस मिसळलेली घट्ट माती दाबा.

तट डोंगरावर थापून करू नका. पोळपाटावर मातीची पट्टी लाटा, तीन इंच रुंद, एक इंच जाड. अर्धवट सुकली की सुरीने दगडांच्या रेघा मारा, वरच्या काठाला चमच्याच्या टोकाने चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, कापा, मग डोंगराचा भाग ओला करून पातळ चिखलाने चिकटवा. सुक्यावर सुकं चिकटवलं तर तट पहिल्याच रात्री कोसळतो. संजीवनीला अशा दोन पट्ट्या, मधे दोन बोटं अंतर ठेवून. बुरुजाला अर्ध्या लिटरच्या बाटलीचं बूड साचा म्हणून पुरतं. दरवाजा समोरून दिसेल असा ठेवू नका. दोन बुरुजांच्या कवेत, वळण घेऊन आत जाणारा करा. त्याला गोमुखी बांधणी म्हणतात, आणि शत्रूला दरवाजावर सरळ धडक देता येऊ नये म्हणून ती असते. बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, दरवाजा कुठाय? बरोबर दाखवता आलं की मुलांना किल्ला कळला.

उभे कडे पेरायचे नाहीत. त्यांवर गेरू आणि पिवडी पाण्यात कालवून जुन्या फडक्याने टिपा. ब्रशने फासलं की भिंत रंगवल्यासारखी दिसते.

मावळे ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर, हवे तेवढे मिळतात, पण गणपतीत उरलेली शाडू माती शाळेत असेल तर मुलांनाच करू द्या. सावलीत दोन दिवस वाळवा. भाल्याला खराट्याचा हीर, तो मूठ ओली असतानाच खुपसायचा.

पेरणी: पेपरच्या आदल्या दिवशी

ही सगळ्यात नाजूक गोष्ट. अळीव दोन-तीन दिवसांत फुटतो, सातव्या-आठव्या दिवशी दोन इंच होतो आणि बाराव्या दिवसानंतर आडवा पडायला लागतो. सहामाही साधारण आठवडाभर चालते. म्हणून पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी पेरलं की शेवटच्या पेपरला किल्ला ऐन रंगात असतो. परीक्षा दहा दिवसांहून लांबली तर पेरणी तेवढी पुढे ढकला. मुलं पेपर लिहितात तेव्हा किल्ला आपला आपण वाढतो, ही त्यातली सोय.

अळीव भिजवू नका. भिजला की बुळबुळीत होऊन गोळ्या होतात आणि एका जागी झुडूप, एका जागी टक्कल असं दिसतं. कोरडाच, दुप्पट बारीक रेतीत मिसळून मुठीने भुरभुरा. पाव किलो अळीव ३५ ते ४० चौरस फुटांना पुरतो. मोहरीची पानं मोठी येतात, ती खालच्या उतारांवर झाडी म्हणून टाका, अळीव वर. तळहाताने हलकं दाबा, फवाऱ्याने ओलं करा आणि वर ओलं पोतं किंवा जुनी ओढणी पसरा. नाहीतर कबुतरं एका दुपारीत सगळं टिपतात.

आच्छादन ३६ ते ४८ तासांत काढायचं. पांढरी मुळं दिसली की लगेच. एक दिवस उशीर झाला तर कोंब पोत्याच्या विणीत घुसतात आणि पोतं उचलताना गवतासकट माती सोलून येते. पहिला पेपर आणि दुसरा पेपर यांच्या गडबडीत नेमकं हेच विसरतं, म्हणून आच्छादन काढणाऱ्या दोघांची नावं आणि वेळ फलकावर लिहून ठेवा. दोघं अशी निवडा की त्यांना त्या दिवशी पेपरनंतर शिकवणी नाही.

पाणी दिवसातून दोनदा, फवाऱ्यानेच. झाकणाला सुईने भोकं पाडलेली बाटली चालते. पेल्याने ओतलं की बी वाहून पायथ्याशी जमतं. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडाट होऊन जोराची सर येते, तेव्हा ताडपत्री बांबूवर उभारून ठेवा, किल्ल्यावर टाकू नका. टाकलेल्या ताडपत्रीच्या खोलगटात पाणी साठतं आणि त्या वजनाने तट मोडतात.

पद्मावती तळ्यात पाणी भरायचं ते फक्त शेवटच्या दिवशी. आठवडाभर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास होतो. त्याला अंड्यापासून आठ-दहा दिवस पुरतात. तोवर निळं प्लास्टिक अंथरून काम भागवा. आरशाचा तुकडा नको, हात कापतो.

शेवटच्या पेपरची संध्याकाळ

पालक कामावरून येणार, म्हणून साडेपाच ते साडेसात. दिवाळीच्या सुमारास सहाच्या आसपास मावळतं, तेव्हा पहिला अर्धा तास उजेडात आणि बाकी दिव्यांत. मेन लाइनची वायर ओल्या मातीत घालायची नाही. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरची माळ वापरा आणि अडॅप्टर कोरड्या जागी उंच ठेवा. पणत्या फक्त पायथ्याशी, सुक्या गवताच्या झोपड्यांपासून हातभर दूर.

प्रत्येक माचीवर दोन मुलं बोलायला उभी करा, दोन मिनिटांच्या वर नाही. घोकलेलं भाषण नको. जे बोट दाखवून सांगता येईल तेवढंच: हे नेढं, ही दुहेरी तटबंदी, हा चोरदरवाजा. घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलांना आपल्या पालकांना आपल्या भाषेत सांगू द्या. ती आई मग पूर्ण किल्ला फिरते, नाहीतर फाटकाशीच थांबते. शेजारी एक छोटा फलक जवळच्या किल्ल्यांचा लावा: मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, बेलापूरचा किल्ला, घोडबंदर, शहापूरजवळचा माहुली. रोज ज्याच्या शेजारून बस जाते तो किल्ला आहे हे पुष्कळांना तिथे कळतं.

खाऊला चिवडा पुरे. ३०० जणांना मूठमूठ द्यायला पातळ पोहे ५ किलो, शेंगदाणे १ किलो, डाळं अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तेल १ लिटर, मिरच्या, कढीपत्ता. पोहे आधी दोन तास कडक उन्हात तापवा, नाहीतर आपल्या दमट हवेत चिवडा संध्याकाळपर्यंत वातड होतो. मीठ आणि पिठीसाखर चिवडा कोमट झाल्यावर घाला. दर वर्गाने एकेक जिन्नस आणायचा, पण सगळं एकाच पिंपात ओतायचं. कोणी काय आणलं, किती आणलं, हे तिथे दिसता कामा नये.

सुट्टीत आणि नंतर

गावी न जाणारी पाचसहा मुलं असतातच. पाण्याची पाळी त्यांची, आणि शाळेची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना या मुलांची नावं लिहून द्या. शाळेच्या आवारात फटाके नाहीत, हे त्याच चिठ्ठीत लिहा.

शाळा उघडेपर्यंत गवत पिवळं पडून झोपलेलं असतं. तसा किल्ला महिनाभर ठेवू नका, त्याची कळा जाते. पहिल्याच शनिवारी त्याच चार गटांनी आपापली माची उतरवायची. मावळे धुऊन खोक्यात, विटा रचून कोपऱ्यात, पोती वाळवून घडी करून. वरची अळिवाची माती मुळांसकट परसबागेच्या वाफ्यात पालथी घाला, खालची फोडून, चाळून पोत्यांत भरा. पोती जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा, म्हणजे जूनमधल्या पाण्यात भिजणार नाहीत. दर पोत्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: चाळलेली माती, किती घमेली, पुढच्या किल्ल्याची.